शाहिराचा गळा : मराठी चरित्रपटातील पात्रयोजना आणि अभिनय

१

रामजोशी कसा गात असे, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात वाढलेल्या या कवीच्या लावण्या लेखी उरल्या, त्याच्याविषयीच्या आख्यायिका उरल्या. त्याचा आवाज उरला नाही, उरणे शक्यही नव्हते. हिंदुस्थानात गाण्याचे ध्वनिमुद्रण होऊ लागले ते १९०२ साली, कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन तबकडीवर घेतले गेले तेव्हापासून. त्यापूर्वीच्या सर्व शाहिरांचा, कीर्तनकारांचा आणि संतांचा गळा इतिहासाच्या दृष्टीने मुका आहे.

असे असूनही रामजोशी कसा गात असावा याविषयी महाराष्ट्रातील एका मोठ्या वर्गाच्या कानांत एक निश्चित प्रतिमा आहे. ती प्रतिमा कोणत्याही बखरीतून किंवा बाडातून आलेली नाही. ती १९४७ साली राजकमल कलामंदिराने काढलेल्या 'लोकशाहीर रामजोशी' या बोलपटातून, जयराम शिलेदार यांच्या गळ्यातून आलेली आहे. जे इतिहासाला सांगता आले नाही ते एका पात्रयोजनेने सांगून टाकले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते जवळजवळ प्रमाण म्हणून स्वीकारले.

येथे विचार करावयाचा आहे तो या घटनेचा. लोकगायकाच्या चरित्रपटात कोणत्या नटास घ्यावयाचे हा वरवर पाहता व्यवसायाचा प्रश्न दिसतो. चेहरा जुळतो की नाही, नाव चालते की नाही, एवढ्यापुरता. परंतु ज्याचे चरित्र सांगावयाचे तो मुळात गळ्यानेच जगलेला मनुष्य असेल, तर नटाची निवड ही त्याच्या वाणीविषयी केलेली एक ऐतिहासिक विधानच ठरते. ते विधान कोणत्या आधारावर केले गेले, त्यात काय राखले गेले आणि काय गाळले गेले, हे तपासणे इतिहासाच्या आणि भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. मुंबई विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील विद्यानगरीत मराठीचा विभाग आणि लोककला अकादमी एकाच परिसरात नांदतात. एकीकडे संहिता शिकविली जाते, दुसरीकडे गळा. या दोहोंच्या मधल्या जागेत प्रस्तुत प्रश्न उभा आहे.

२

मराठी चरित्रपटाच्या इतिहासात या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे उत्तर १९३६ साली मिळाले. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या बोलपटासाठी दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने विष्णुपंत पागनीस यांची योजना केली. पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून पुढे आलेले गायकनट. देहूच्या वाण्याची, शेत राखणाऱ्या आणि दिवाळे निघालेल्या गृहस्थाची भूमिका अशा नटाला द्यावी, ही गोष्ट कागदावर विसंगतच वाटते. परंतु ज्या गुणासाठी ही निवड योग्य ठरली तो गुण चेहऱ्यात नव्हता. तो बोलण्यातून गाण्यात जाण्याच्या रीतीत होता.

त्या बोलपटात तुकाराम 'गाणे म्हणावयास' लागत नाही. तो बोलता बोलता अभंगात उतरतो. स्वर चढत नाही, हात उगारला जात नाही, वाद्यमेळ पुढे येत नाही. केशवराव भोळे यांच्या संगीतयोजनेने ही संधी नटाला दिली आणि पागनिसांनी ती पूर्णपणे वापरली. रंगभूमीवरील गायकनटाला ज्या 'जागा' घेण्याची सवय असते त्या त्यांनी बहुतांशी टाकून दिल्या. अभंग हा मुळात बोलीच्या अगदी निकट राहिलेला छंद आहे. त्याची लय ही विधान करणाऱ्या वाक्याची लय आहे. गाणाऱ्याने तानबाजी केली की वाक्य तुटते आणि अभंगाचा अभंगपणाच नाहीसा होतो. पागनिसांचा अभिनय यशस्वी झाला तो हे वाक्य न तोडल्यामुळे.

याच बोलपटात गौरी यांनी केलेली आवलीची भूमिका तितकीच लक्षणीय आहे. आवली गात नाही. ती भांडते, राबते, म्हशीला हाकते, देवालाही बोल लावते. तिच्या तोंडची भाषा देशावरच्या कष्टकरी बाईची, ठसक्याची आणि रोकडी आहे. तुकारामाची सौम्य वाणी आणि आवलीची रांगडी वाणी यांच्या तणावावर त्या चरित्रपटाचा तोल सांभाळला गेला आहे. एकट्या तुकारामाच्या गळ्यावर तो उभा राहिला असता तर तो भजनांचा संग्रह झाला असता. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या बोलपटाचा जो गौरव झाला, तो मराठी न समजणाऱ्या परीक्षकांकडून झाला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शब्द न कळताही वाणीची पातळी कळते, याचा तो पुरावाच होय.

परंतु या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने रचला. तो इतका बेमालूम उतरला की अनेकांनी तो तुकारामाचाच मानला. पागनिसांच्या मुद्रेचेही तसेच झाले. तुकारामाची म्हणून जी मुखमुद्रा लोकांच्या डोळ्यांपुढे येऊ लागली तिच्यावर या नटाची छाप पडली. पुढे पागनीस 'संत तुलसीदास' (१९३९) आणि 'नरसी भगत' (१९४०) या बोलपटांतही संतकवी झाले. अवधीचा कवी, गुजरातीचा कवी आणि मराठीचा कवी, तिघांना एकच गळा मिळाला. तिन्ही भाषांच्या भक्तिगायनाच्या परंपरा वेगळ्या, परंतु 'गाणारा संत' म्हणून जो एक साचा तयार झाला त्यात त्या सामावल्या गेल्या. यशस्वी पात्रयोजना ही अशी स्वतःच एक प्रमाणभाषा बनते, आणि प्रमाणभाषेचा स्वभावच असा की ती शेजारच्या बोलींना आपल्यात ओढून घेते.

३

'लोकशाहीर रामजोशी'ची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण रामजोशी हा मनुष्यच दुहेरी होता. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घराण्यात जन्म. वडील बंधू मुद्गल जोशी हे विद्वान. आणि धाकट्याला ओढ धोंडी शाहिराच्या तमाशाची. परंपरा सांगते ती अशी की, भावाने घराबाहेर काढल्यावर रामजोशीने पंढरपुरास संस्कृताचे अध्ययन केले आणि मग शाहिरीकडेच वळून स्वतःचा फड उभा केला. मोरोपंतांशी त्याचा संबंध आल्याचे आणि त्यांच्या आर्या त्याने कीर्तनात रंगविल्याचेही परंपरा सांगते. तपशिलांविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु त्याच्या रचनेवरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. कीर्तनाचा व्यासपीठावरील पंडित आणि फडावरचा शाहीर हे दोघेही त्या एका लेखणीत होते. 'छेकापन्हुति' हा अलंकारशास्त्रातील एक प्रकार. त्यावर संपूर्ण लावणी रचावी ही कल्पना केवळ पंडिताला सुचणार नाही आणि केवळ तमासगीरालाही सुचणार नाही.

भाषेच्या अंगाने हा दुहेरीपणा प्रत्येक ओळीत जाणवतो. संस्कृत समासांच्या लडी आणि अस्सल देशी शब्द त्याच्या लावणीत एकमेकांना खेटून येतात. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' यांचे दोन उच्चार आहेत. 'चंद्र', 'चरण' यांतील 'च' तालव्य, तर 'चाल', 'चोळी' यांतील 'च' दंततालव्य. संस्कृतप्रचुर शब्दांत पहिला उच्चार अधिक, देशी शब्दांत दुसरा अधिक. ज्या कवीच्या एकाच चरणात दोन्ही थरांचे शब्द येतात तो गाताना गायकाच्या जिभेला सतत जागा बदलावी लागते, आणि श्रोत्याला या बदलातच एक प्रकारची गंमत वाटते. पंडित आणि रसिक यांचे सोंग क्षणोक्षणी पालटत असल्याचा तो नाद आहे. म्हणून रामजोशीची भूमिका करणाऱ्याला ही दोन्ही वाणी साधली पाहिजेत, हा पात्रयोजनेचा खरा निकष होय.

राजकमलने त्यासाठी संगीत रंगभूमीवरील गायकनट निवडला. जयराम शिलेदार यांनी पुढे जयमाला शिलेदार यांच्यासह 'मराठी रंगभूमी' ही संस्था चालवून संगीत नाटकाची परंपरा पडत्या काळात टिकवून धरली. त्यांचा गळा नाट्यसंगीताच्या शिस्तीत तयार झालेला, उच्चार स्वच्छ, शब्दांची फेक रेखीव. रामजोशीच्या पंडिती अंगाला याहून योग्य गळा मिळणे कठीण होते. अनुप्रासांनी भरलेला लांबलचक समास एका श्वासात आणि एकही अक्षर न चेपता म्हणणे हे त्यांनाच साधणारे होते. बोलपटाची कथा, संवाद आणि नवी पदे ग. दि. माडगूळकर यांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. दिग्दर्शनाच्या श्रेयात बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही दोन्ही नावे येतात. माणदेशात वाढलेल्या माडगूळकरांच्या कानावर शाहिरी लहानपणापासूनच पडलेली असल्याने रामजोशीच्या मूळ लावण्यांच्या शेजारी त्यांची पदे उपरी वाटत नाहीत.

परंतु फडाचे काय? तमाशातील गायन हे उघड्यावरचे गायन. ध्वनिवर्धक नसताना, ढोलकी आणि हलगीच्या कडकडाटावर, मैदानाच्या शेवटच्या श्रोत्यापर्यंत शब्द पोचवावयाचा. त्यामुळे पट्टी चढी, गळा उघडा आणि ओळीचे शेवटचे अक्षर झीलकऱ्यांनी उचलून लांबविलेले. नाट्यसंगीताचा गळा बंदिस्त नाट्यगृहात, ऑर्गनच्या सुरावर आणि तबल्याच्या ठेक्यावर घडतो. त्याचे सौंदर्य वळणात आहे. फडाच्या गळ्याचे सौंदर्य भेदकतेत आहे. शिलेदारांच्या रामजोशीत पहिले सौंदर्य पुरेपूर आहे, दुसरे अर्थातच कमी आहे. तमाशात रमलेला पंडित त्यांनी उत्तम दाखविला. पंडिती विसरून फडाचाच झालेला शाहीर त्यांच्या गळ्यातून क्वचित डोकावतो.

ही उणीव बोलपटात भरून निघाली ती दुसऱ्या एका निवडीने. बयेची भूमिका हंसा वाडकर यांना देण्यात आली. त्यापूर्वी त्यांनी मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या 'नवजीवन' (१९३९) मध्ये आणि प्रभातच्या 'संत सखू' (१९४१) मध्ये प्रमुख भूमिका केल्या होत्या. सखूची सोशिक सून करणाऱ्या नटीने सहा वर्षांनी फडावरची बया उभी करावी, यात अभिनयाचा मोठाच पल्ला आहे. परंतु आणखी एक गोष्ट आहे. हंसा वाडकर या कलावंतिणींच्या परंपरेशी नाते असलेल्या घरातून आल्या होत्या. आपल्या आयुष्याची ती हकीकत त्यांनी पुढे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनात विलक्षण मोकळेपणाने सांगितली. बयेच्या भूमिकेत त्यांचे उभे राहणे, पदर सावरणे, वाक्याच्या शेवटी सूर टाकून समोरच्याला आव्हान देणे, यांत नाटकी शिकवण दिसत नाही. सवालजबाबाच्या प्रसंगी तर पंडिताच्या शब्दाला फडाची वाणी समोरासमोर उत्तर देते. रामजोशीच्या व्यक्तित्वातील जो अर्धा भाग नायकाच्या गळ्यात मावला नाही, तो नायिकेच्या देहबोलीत आणि बोलण्यात आला. पात्रयोजनेने एका माणसाची दोन अंगे दोन नटांत वाटून टाकली, असेच म्हणावे लागते.

ही वाटणी कलेच्या दृष्टीने फलदायी ठरली. परंतु ती निरागस नव्हती. हा बोलपट आला त्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आणले होते. फडावर पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील कलावंतांचे पोट त्या निर्बंधांखाली सापडले. त्याच वेळी रुपेरी पडद्यावर मात्र तमाशाला प्रतिष्ठा मिळत होती, कारण तेथे त्याचा नायक संस्कृत जाणणारा ब्राह्मण होता आणि त्याचा गळा मध्यमवर्गाला परिचित अशा नाट्यगृहातला होता. ज्या गळ्यांनी ही कला जिवंत ठेवली ते गळे प्रमुख भूमिकांसाठी विचारात घेतले गेले नाहीत. रामजोशीपुरते याचे समर्थन करता येईल. तो खरोखरच पंडित होता. परंतु मराठी तमाशापटांची जी लाट त्यानंतर आली तीत हीच रीत रूढ झाली, आणि तेथे हे समर्थन लागू पडत नाही.

४

या रीतीला तांत्रिक आधार मिळाला तो पार्श्वगायनाचा. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव' या बोलपटात पार्श्वगायनाचा अवलंब केल्यावर हळूहळू गायकनटाची गरजच संपली. देह एकाचा आणि गळा दुसऱ्याचा ही योजना सर्वमान्य झाली. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या बोलपटाने पुण्यात शंभराहून अधिक आठवडे गर्दी खेचली. त्यात हंसा वाडकर आणि जयश्री गडकर पडद्यावर होत्या, आणि गाजलेली लावणी आशा भोसले यांच्या गळ्यातली होती. पुढे सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांचा आवाज म्हणजेच लावणी असे समीकरण झाले; स्वतः त्या तमाशाच्या फडावर कधी उभ्या राहिलेल्या नव्हत्या.

पार्श्वगायनाने लावणी घरोघरी पोचविली हे निःसंशय. सुलोचना चव्हाण यांच्या शब्दोच्चारातील ठसका हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु चरित्रपटाच्या दृष्टीने पार्श्वगायनाने एक नवीन अडचण निर्माण केली. पागनीस बोलताना आणि गाताना एकच मनुष्य होते. श्वास एक, घशातील खर एक, शब्द उच्चारण्याची सवय एक. गळा वेगळा झाल्यावर बोलण्यातून गाण्यात जाताना प्रेक्षकाला एक उंबरठा ओलांडावा लागतो. सामान्य कथापटात हा उंबरठा संकेत म्हणून खपून जातो. गायकाच्या चरित्रात मात्र नेमकी हीच जागा महत्त्वाची असते, कारण त्या मनुष्याचे आयुष्यच बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर घडलेले असते.

५

हा पेच केवळ मराठीचा नाही. अमेरिकेतील 'कंट्री' संगीत हेही ग्रामीण, कष्टकरी वर्गाच्या बोलीत वाढलेले गाणे. त्याच्या गायकांवर निघालेल्या चरित्रपटांत या पेचाची निरनिराळी उत्तरे शोधली गेली. हँक विल्यम्स यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६४ साली निघालेल्या 'युअर चीटिन हार्ट' या चित्रपटात पडद्यावर जॉर्ज हॅमिल्टन होते आणि आवाज हँक यांच्या किशोरवयीन मुलाचा होता; म्हणजे गळ्याचे वारसदार रक्तात शोधले गेले. 'स्वीट ड्रीम्स' (१९८५) या चित्रपटात जेसिका लँग यांनी पॅट्सी क्लाइन यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांवर केवळ ओठ हलविले. येथे गळा मूळचाच राहिला, नटीकडे देह आणि संवाद तेवढे आले. 'कोल मायनर्स डॉटर' (१९८०) मध्ये लोरेटा लिन यांची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेक यांनी सर्व गाणी स्वतः म्हटली आणि त्या भूमिकेला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या तीन उत्तरांपैकी तिसरे सर्वांत धाडसाचे. स्पेसेक टेक्ससच्या, लोरेटा लिन केंटकीच्या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशातील. दोघींची बोली दक्षिणेकडची खरी, परंतु एक नव्हे. स्पेसेक यांनी गाण्याच्या आधी बोलणे आत्मसात केले. स्वरांचे लांबणे, शब्दांतीचे व्यंजन सैल सोडणे, या सवयी संवादात आल्यावर त्या गाण्यात आपोआप उतरल्या. श्रोत्याला मूळ गायिकेच्या तबकड्या पाठ असताही ही नक्कल वाटली नाही, कारण नक्कल स्वराची नव्हती, वाणीची होती. पागनिसांनी अभंगात जे साधले तेच, वेगळ्या भाषेत आणि चव्वेचाळीस वर्षांनंतर, येथे साधले गेले. दोन्हीकडचा नियम एकच दिसतो : गायकाच्या भूमिकेचा पाया त्याच्या बोलण्यात असतो, आणि गाणे हा त्यावर चढलेला मजला होय.

६

मराठीत हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो एकविसाव्या शतकात, आणि आता परिस्थिती उलट होती. रामजोशीचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांचा आवाज मात्र सर्वांनी ऐकलेला होता. साताऱ्यातील वाईजवळच्या पसरणी गावी जन्म, अमळनेरच्या वास्तव्यात साने गुरुजींचा सहवास, मग मुंबईचा कामगारभाग, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि 'महाराष्ट्राची लोकधारा' हा कार्यक्रम, असा त्यांचा प्रवास. राजा बढे यांचे जे गीत २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले ते श्रीनिवास खळे यांच्या चालीत साबळे यांनीच लोकांच्या मनात रुजविलेले. अशा गळ्याचे चरित्र पडद्यावर आणताना प्रत्येक प्रेक्षक हा साक्षीदार असतो.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट आला. दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहिरांचे नातू. शाहिरांच्या पत्नी भानुमती यांची भूमिका दिग्दर्शकांच्या कन्या सना शिंदे यांनी केली. शाहिरांची भूमिका अंकुश चौधरी यांनी. चौधरी हे नाटक आणि चित्रपट यांतील नट म्हणून परिचित असले, तरी त्यांची उमेदवारी 'महाराष्ट्राची लोकधारा'तच झालेली. म्हणजे या चित्रपटाने वारसा दोन मार्गांनी शोधला : एक रक्ताचा, दुसरा फडाचा. गळ्याचा मार्ग मात्र पार्श्वगायनाचाच राहिला. संगीत अजय–अतुल यांचे, आणि शाहिरांच्या तारुण्यातील युगुलगीत अजय गोगावले व श्रेया घोषाल यांचे.

या पात्रयोजनेचे मोल चौधरी यांच्या उभे राहण्यात दिसते. शाहीर डफ किंवा माइक हातात घेऊन श्रोत्यांकडे कसा पाहतो, कोरसाला खूण कशी करतो, पोवाड्याच्या मध्येच गद्यात उतरून दोन शब्द कसे टाकतो, ही माहिती पुस्तकातून मिळत नाही; ती ज्याने विंगेत उभे राहून पाहिली आहे त्याच्याच अंगात असते. १९४७ साली बयेच्या भूमिकेत जे हंसा वाडकर यांच्या घरातून आले तेच २०२३ साली नायकाच्या भूमिकेत लोकधारेच्या तालमीतून आले. उलट, गळ्याच्या बाबतीत मूळ तबकडी आणि नवे पार्श्वगायन यांच्यामधील अंतर प्रेक्षकाला टाळता येत नाही. नवा गळा कितीही समर्थ असला, तरी तो आपल्या काळाच्या ध्वनिमुद्रणपद्धतीत, भरगच्च वाद्यमेळात आणि आपल्या वाणीत गातो. साबळे यांच्या आवाजातील सभेचा मोकळेपणा तेथे आठवणीनेच पुरवावा लागतो.

याच सुमारास शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या क्षेत्रात दोन वेगळी उत्तरे मिळाली, ती तुलनेसाठी पुरेशी बोलकी आहेत. 'बालगंधर्व' (२०११) मध्ये देह सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा. या गायनासाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मी वसंतराव' (२०२२) मध्ये राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली आणि गाणीही स्वतःच गायिली. शास्त्रीय परंपरेत गळ्याचा वारसा घराण्याच्या आणि तालमीच्या रूपाने जपलेला असतो. तो कोणाकडे आहे हे विचारले तर उत्तर सापडते. शाहिरीच्या परंपरेतही गुरू आहेत, फड आहेत, झीलकरी आहेत. परंतु चित्रपटाने त्यांचा पत्ता फारसा विचारलेला नाही. हा फरक संगीतप्रकारांतील नसून त्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेतील आहे.

७

या विवेचनातून अभ्यासकापुढे जे येते ते असे. चरित्रपट हा इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचा असेल, तर त्यातून दोन भिन्न काळांविषयी माहिती मिळते. चरित्रनायकाच्या काळाविषयी ती थोडी आणि संशयास्पद असते. चित्रपट निघाला त्या काळाविषयी मात्र ती भरपूर आणि विश्वसनीय असते. शिलेदारांचे गायन पेशवाईतील लावणीविषयी फारसे सांगत नाही. १९४७ च्या महाराष्ट्राला लावणी कोणत्या गळ्यातून ऐकणे मानवत होते, हे ते अचूक सांगते. पोवाडे आणि लावण्या यांच्या छापील संग्रहांनाही हा नियम लागू आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले तेव्हा गोंधळ्यांच्या तोंडची वाणी लेखनात बसविताना प्रमाण मराठीचा हात फिरलाच. छापखान्याने शब्दांचे जे केले तेच पडद्याने गळ्याचे केले.

म्हणून अशा चित्रपटाचे परीक्षण करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. बोलणे आणि गाणे यांची वाणी एक आहे काय? चरित्रनायकाची जी अंगे मुख्य नटात मावली नाहीत ती कोणत्या दुय्यम भूमिकेत गेली? आणि ज्यांच्याकडे त्या गाण्याची परंपरा प्रत्यक्ष चालत आली, ते लोक पडद्यावर, पडद्यामागे, की चित्रपटगृहाबाहेर आहेत? चेहऱ्याचे साम्य, वेशभूषेचा अचूकपणा, वाड्यांची सजावट या गोष्टींची चर्चा वृत्तपत्री परीक्षणात पुष्कळ होते. या तीन प्रश्नांची चर्चा क्वचितच होते, आणि लोकगायकाच्या चरित्राचा खरा निवाडा तेथेच व्हावयाचा असतो.

साबळे यांच्या पिढीपासून पुढे मराठी लोकगायकांचा आवाज मुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच्यांचा नाही. जे गळे आज फडावर, जत्रेत आणि गोंधळात गात आहेत त्यांचे ध्वनिमुद्रण, बोलीच्या नोंदींसह, पद्धतशीरपणे झाले नाही, तर शंभर वर्षांनी त्यांचेही रामजोशीसारखेच होईल. त्यांच्यावर चरित्रपट निघतील. आणि ते कसे गात होते हे त्या वेळचा एखादा नट ठरवील.